पाण्यावरचा उपास: आज सहावा दिवस, एकवीसपर्यंत नेऊ का?

वजनदार_माणूस | मंगळवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी नागपूरचा, प्रतापनगरात राहतो. वय ४४, नोकरी पूर्ण खुर्चीवरची. मागच्या बुधवारी वजन १०४ भरलं. साळ्याच्या लग्नाचे फोटो आले, त्यात मला मीच ओळखू आलो नाही. वाटलं, सासऱ्यांचे कोणी पाहुणे असतील. त्याच आठवड्यात ओळखीच्या एकाने टेलिग्रामवरच्या गटात घातलं. एकवीस दिवस फक्त पाणी, फी २,९०० रुपये. रोज सकाळी वजनकाट्याचा फोटो टाकायचा, 'कोच' त्यावर बदाम टाकतो. मीठ नाही, लिंबू नाही, ताक नाही, चहा नाही. पाणी मात्र पाच लिटर प्यायचं.

आज काटा ९७.६ दाखवतोय. सहा दिवसांत सहा किलो चारशे! आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की विचारू नका. तिसऱ्या दिवशी भूक मेली, खरोखर मेली. परवा घरात सांबारवड्या तळणं सुरू होतं आणि मी गॅसच्या बाजूला उभा राहून फोनवर बोलत होतो. एक उचलून तोंडात टाकावी असंही वाटलं नाही. स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. कालपासून जरा मळमळतं. तोंडाला वास येतो, मिसेस म्हणते नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा. दोन मजले चढलो की दम लागतो, उठून उभा राहिलो की डोळ्यांपुढे काळं. कोच म्हणतो टॉक्सिन निघून राहिले, पाणी वाढवा.

बाकी तब्येत ठणठणीत आहे, काही आजार नाही. पंधरा दिवस अजून ओढू का? कोणी केलंय का इथे?

फास्टिंग_फॅन | रात्री ९.३०

अभिनंदन! सगळ्यात कठीण दिवस तुम्ही मागे टाकले आहेत. मी दर महिन्याला ७२ तास करते, त्वचा बघा माझी (अर्थात इथून दिसणार नाही). ऑटोफॅगीबद्दल वाचा, म्हणजे पेशी आपलाच कचरा खाऊन साफ करतात ते, २०१६चं नोबेल त्यालाच मिळालं. आणि लोक घाबरवतील, पण गांधीजींनी एकवीस दिवस केले होते. स्कॉटलंडचा अँगस बार्बिएरी तर ३८२ दिवस जेवला नव्हता, २०७ किलोंवरून ८२ वर आला. माणूस इतका तकलादू नसतो.

तर्री_पोहा | रात्री ९.३४

ते नोबेल ओसुमी नावाच्या शास्त्रज्ञांना मिळालं, यीस्टवरच्या कामासाठी. आपण अजून यीस्ट नाही झालो. दिवे घ्या.

धागाकर्ते, सांबारवडी समोर असून भूक लागत नाही हेच मला लक्षण वाटतं. नागपूरच्या माणसाचं इतकं वाईट कधी व्हायला नको.

गणित_मास्तर | रात्री ९.५१

सहा किलो चारशे हा आकडा जरा उघडून बघू. शाळेत हेच शिकवण्यात आयुष्य गेलं, सवय जात नाही.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी. तुमच्या अंगाला दिवसाला २,२०० लागतात असं धरू. सहा दिवसांच्या झाल्या १३,२००. या सगळ्या चरबीतूनच आल्या असत्या तरी हिशेब पावणेदोन किलोच्या पुढे जात नाही. पण तसंही होत नाही. यकृत आणि स्नायूंत मिळून सुमारे अर्धा किलो ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असतं, ते आधी संपतं, आणि दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसलेलं असतं, तेही जातं. म्हणजे दोन किलो इथेच गेले. सुरुवातीच्या दिवसांत रोज सुमारे ७५ ग्रॅम प्रथिनं जळतात, कारण मेंदूला साखर लागते आणि चरबीपासून ती फारशी बनत नाही. सहा दिवसांचे ४५० ग्रॅम. स्नायूचा पाचवा हिस्साच प्रथिनं, बाकी बहुतेक पाणी, म्हणजे ओला हिशेब धरला तर दोन-सव्वादोन किलो. चरबीच्या वाट्याला उरतात साडेनऊ हजार कॅलरी, सव्वा किलो. राहिलेलं किलोभर मीठपाणी आणि रिकामं पोट.

तर बदाम मिळाला ६.४ ला, खरी कमाई १.२. जेवायला लागलात की पाण्याचे किलो चार दिवसांत परत. स्नायूचे मात्र तितक्या सहज येत नाहीत, चव्वेचाळिसाव्या वर्षी तर नाहीच.

वजनदार_माणूस | रात्री १०.०३

मास्तर, दुखावलंत. पण पुढे पुढे प्रथिनं कमी जळतात म्हणे, मेंदू कीटोनवर, म्हणजे चरबीपासून बनलेल्या इंधनावर चालतो. कोचने व्हिडिओ टाकला होता.

गणित_मास्तर | रात्री १०.०८

हो, ते खरं आहे. काही आठवड्यांनी रोजचे वीसेक ग्रॅम होतात. शून्य कधीच होत नाहीत. आणि हृदय हाही स्नायूच.

इतवारी_काकू | रात्री १०.१५

मी डॉक्टर नाही, पण उपास पाहिलेत बाप्पा. आमच्या इतवारीच्या वाड्यात शेजारी जैन कुटुंब होतं. पर्युषणात भाभींनी अठाई केली, आठ दिवस उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंतच. नवव्या दिवशी पारणं. घरात पन्नास माणूस, मिठायांची ताटं, ढोल. आणि भाभी पाटावर बसलेल्या, सासूबाई छोट्या वाटीतून मुगाचं पाणी चमच्या-चमच्याने पाजत होत्या. अर्धी वाटी झाली की थांबायच्या. मी म्हटलं, एक पेढा तरी द्या हो, इतकं मोठं तप केलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विष द्यायला सांगितलं! चार दिवस ती बाई मऊमऊच खात होती.

आणि आठ दिवस भाभी कुठे निघत नव्हत्या, कामाला हात नाही, उन्हात जाणं नाही. तुम्ही ऑफिसला जाऊन राहिले का जी? बाहेर ४५ आहे.

वजनदार_माणूस | रात्री १०.२१

जातो ना काकू. ॲक्टिव्हावर. सुट्टी कोण देतं.

बर्डीचा_केमिस्ट | रात्री १०.२६

माझं सीताबर्डीत मेडिकल आहे, तीस वर्षं झाली. काउंटरवरचा अनुभव सांगतो, "काही आजार नाही" म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला पुढचा प्रश्न विचारायचा, "गोळ्या कोणत्या?" तर दादा, गोळ्या कोणत्या?

वजनदार_माणूस | रात्री १०.३३

तशी शुगर थोडी आहे. बॉर्डरच्या किंचित वर. एकच गोळी आहे, डॅपाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली. ती रोज चालूच आहे, शुगरची गोळी मनाने बंद करू नये म्हणतात ना. आणि शुगर एकदम मस्त आहे, आत्ताच ग्लुकोमीटरवर पाहिली, ११२.

ड्युटी_संपली | रात्री १०.३७

मी कॅज्युअल्टीत काम करतो. नेटवर निदान करत नाही, पण तुम्ही आत्ता, या क्षणी, जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या मोठ्या दवाखान्यात जा. उद्या सकाळी नाही. गाडी स्वतः चालवू नका.

तिथे सांगायचं ते एवढंच: "डॅपाग्लिफ्लोझिन चालू आहे, सहा दिवस उपाशी आहे, मळमळ आणि दम आहे. रक्तातले कीटोन, ब्लड गॅस आणि पोटॅशियम बघा." गोळीचं पाकीट बरोबर न्या. ११२ साखर दाखवून कोणी घरी पाठवत असेल तर हेच वाक्य पुन्हा म्हणा.

वजनदार_माणूस | रात्री १०.४१

डॉक्टर, पण शुगर नॉर्मल आहे हो. घाबरवून राहिले तुम्ही.

ड्युटी_संपली | रात्री १०.४४

ही गोळी लघवीतून साखर बाहेर टाकते, म्हणून मीटर ११२ दाखवतं. कीटोन साचून रक्त आंबट होत असेल तर ते मीटरला दिसत नाही. वाद उद्या घालू. मिसेसना फोन द्या किंवा हा धागा दाखवा.

इतवारी_काकू | रात्री १०.५०

निघालात का?

इतवारी_काकू | रात्री ११.२८

अहो, निघालात का?

फास्टिंग_फॅन | रात्री ११.४०

मला गोळीचं माहीत नव्हतं. मी अभिनंदन केलं होतं, ते मागे घेते.

वजनदार_माणूस | बुधवार, सकाळी ६.०५

मी यांची मिसेस. यांच्याच फोनवरून लिहितेय. रात्री अकराला शेजारच्या दादांच्या गाडीतून आणलं. आधी ड्युटीवरच्या मुलाने शुगर पाहून ॲसिडिटी म्हटलं. मी धाग्यातलं वाक्य वाचून दाखवलं, मग त्याने मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. आयसीयूत घेतलंय. रक्तातलं बायकार्बोनेट ११ आहे म्हणे, बावीसच्या वर पाहिजे, रक्त आंबट झालं की ते घटतं. सलाइनमधून एकीकडे साखर आणि दुसरीकडे इन्सुलिन देत आहेत. दोन्ही एकदम का, मला समजलं नाही. डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू?

ड्युटी_संपली | बुधवार, सकाळी ७.२०

ताई, आभार राहू द्या, वाक्य वाचून दाखवलंत तेच मोठं काम. साखर आणि इन्सुलिन दोन्ही बरोबर आहे. कीटोन बनणं थांबवायला इन्सुलिन लागतं, आणि साखर आधीच नॉर्मल असल्याने ती पडू नये म्हणून ग्लुकोज. त्यांना म्हणावं, जेवायला कधी आणि किती हे आयसीयूवाले ठरवतील. घरून डबा आणू नका.

आता ड्युटी संपली आहे, तर काल अर्धवट राहिलेलं लिहितो. फॅनताई, राग नाही, पण तुमची दोन्ही उदाहरणं तपासू.

बार्बिएरी, १९६५-६६, डंडी. तो रुग्णालयाच्या देखरेखीखाली होता, रक्त-लघवीच्या तपासण्या होत होत्या, जीवनसत्त्वं दिली जात होती, मधल्या काळात पोटॅशियम आणि सोडियमही दिलं गेलं. म्हणजे 'फक्त पाणी' तोही नव्हता. त्याच दशकात इतर ठिकाणीही लठ्ठ माणसांना भरती करून असे लांब उपास करवले गेले आणि त्यात काही जण दगावले, म्हणून ती पद्धत मागे पडली. व्हिडिओत बार्बिएरी येतो, ते येत नाहीत.

गांधीजी, फेब्रुवारी १९४३, आगाखान पॅलेस. बिधानचंद्र रॉय, गिल्डर, सुशीला नय्यर अशी डॉक्टरांची फळी उशाशी. मधल्या दिवसांत प्रकृती इतकी ढासळली की पाण्यात मोसंबीचा रस घ्यावा लागला. वजन उतरवायला तर ते बसलेच नव्हते.

जर्मनीतल्या बुखिंगर क्लिनिकचा १,४२२ लोकांचा अभ्यासही कोणी पुढे करेल (२०१९). उपास ४ ते २१ दिवसांचे, दुष्परिणाम फार कमी. पण तिथे रोज सूप आणि फळांचा रस मिळून दोन-अडीचशे कॅलरी जात होत्या, डॉक्टर तिथेच होते, आणि कोणाला घ्यायचं कोणाला नाही हे आधी ठरत होतं. ॲक्टिव्हावर ऑफिसला जाणारा त्यात कोणी नव्हता.

दुसरं, काकूंच्या मुगाच्या पाण्याबद्दल. मला त्या सासूबाईंचे पाय धरावेसे वाटतात. आमच्याकडे याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान्यांच्या कैदेतून सुटलेले उपासमारीचे कैदी भरपेट जेवल्यावर मरू लागले, तेव्हा हे नीट लक्षात आलं. उपाशी शरीर चरबीवर चालतं, इन्सुलिन तळाला. पेशींमधलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम गुपचूप झिजत जातं, पण रक्ताच्या रिपोर्टात आकडा ठीक दिसतो. मग पहिलं ताट येतं. इन्सुलिन उसळतं आणि साखरेबरोबर हे क्षार रक्तातून पेशींत ओढले जातात. रक्तात एकदम दुष्काळ. हृदयाचा ठोका चुकतो, श्वासाचे स्नायू थकतात, अंगावर सूज येते. बी-१ जीवनसत्त्व संपलेलं असेल तर मेंदूला फटका. जादूगार डेव्हिड ब्लेन २००३ साली लंडनमध्ये ४४ दिवस काचेच्या पेटीत पाण्यावर राहिला, तरुण आणि धट्टाकट्टा. उपासात तो निभावला. फॉस्फेट पडलं ते खायला दिल्यावर, तेही रुग्णालयात.

इंग्लंडच्या नाइस संस्थेच्या नियमात दहा दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच न खाल्लेला माणूस सरळ मोठ्या जोखमीत मोडतो, बाकी काही आजार नसला तरी. पाच दिवसांच्या वर उपास आणि जोडीला इन्सुलिन किंवा लघवीची गोळी असेल, तरीही.

आणि पाच लिटर साधं पाणी! नागपूरच्या मे महिन्यात घामावाटे मीठ जातं, वरून मीठ शून्य, वरून पाण्याचा मारा. सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो, पुढे झटकेही येतात. त्यावर "पाणी वाढवा" हा सल्ला म्हणजे आगीत पेट्रोल.

तर्री_पोहा | बुधवार, सकाळी ९.४०

वाचून गार पडलो. वजन उतरवायचंच असेल तर आपल्या नागपूरच्याच श्रीकांत जिचकारांचं दोन वेळा जेवण काय वाईट होतं? पुढे डॉ. दीक्षितांनी तेच गावोगाव नेलं. पंचावन्न मिनिटांत जेवा, दिवसातून दोनदा. निदान पोळी तरी मिळते.

बर्डीचा_केमिस्ट | बुधवार, सकाळी १०.१०

बरं आहे, पण साखरेची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरला विचारूनच. ग्लिमेपिराइड घेऊन दुपारचं जेवण टाळलेले लोक माझ्या काउंटरसमोर घामाघूम होऊन बसलेत. त्यांच्यासाठी गल्ल्याच्या बाजूला ग्लुकोजचा डबा ठेवतो मी.

वजनदार_माणूस | रविवार, दुपारी ४.३०

मंडळी, मीच आहे. काल घरी सोडलं.

तीन दिवस आयसीयू. ॲसिड दीड दिवसात उतरलं. मला वाटलं सुटलो. गुरुवारी पातळ पेज सुरू केली आणि शुक्रवारी फॉस्फेट घसरून १.६ वर आलं, अडीचच्या वर पाहिजे. पेन धरून सही करता येईना, हातात जीवच नाही. मग ते सलाइनमधून दिलं आणि पेज अर्धी केली. डॉक्टर (इथले) जे लिहून गेले होते ते जसंच्या तसं माझ्या अंगावर घडलं, आणि घडत असताना मी ते फोनवर वाचत होतो.

बिल सांगत नाही, २,९०० स्वस्त वाटतील. ती गोळी डॉक्टरांनी बंद केली, दुसरी दिली. वजन आज १०१. मास्तर, तुम्ही म्हणाला होता चार दिवस.

कोचला मेसेज केला. तो म्हणाला, "तुम्ही गोळी घेता हे फॉर्ममध्ये लिहिलं नव्हतं." लिहिलं नव्हतं हे खरं आहे. फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता. मग मी गटात टाकलं, की कोणी शुगर-बीपीच्या गोळ्या घेत असाल तर थांबा. दोन मिनिटांत मेसेज उडाला आणि मीही. पण त्याआधी तीन नंबर उतरवून घेतले होते, ज्यांचे दिवस माझ्यापेक्षा पुढे होते. त्यांना या धाग्याची लिंक पाठवली आहे.

काकू, मुगाचं पाणी सुरू आहे. बेचव लागतं, पण भूक लागून राहिली. सांबारवडीचा विचार आला की तोंडाला पाणी सुटतं.

इतवारी_काकू | रविवार, दुपारी ४.४२

मीठ घालायचं असतं त्यात! आणि चिमूटभर जिरं. इतकं पण तप नका करू.

अकरावा_दिवस | रविवार, संध्याकाळी ६.१८

नमस्कार. लिंक मिळाली म्हणून खातं उघडलं. मी वर्ध्याची, वय ३९. त्याच गटात आहे, आज अकरावा दिवस. मला शुगर नाही. बीपीची गोळी आहे, टेल्मिसार्टन आणि सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, काल छातीत धडधड झाली पण लगेच थांबली. उद्या भाच्याचं साक्षगंध आहे, तिथे जेवूनच उपास सोडायचा ठरवला होता. चालेल ना?

बर्डीचा_केमिस्ट | रविवार, संध्याकाळी ६.२१

ताई, ती लघवी वाढवणारी गोळी आहे, पोटॅशियम घालवते. डॉक्टर, बघा हो.

ड्युटी_संपली | रविवार, संध्याकाळी ६.२३

साक्षगंधाला जा, पंगतीला बसू नका. पण त्याआधी आज, आत्ता, सेवाग्रामचं रुग्णालय गाठा. तिथे सांगा: अकरा दिवस फक्त पाणी, ही गोळी, पायात गोळे, धडधड. ईसीजी, पोटॅशियम, सोडियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट. तोवर घरी काही खाऊन उपास सोडू नका, गोडाचं तर अजिबात नाही. पहिला घास तेच देतील. घरात कोण आहे आत्ता?

अकरावा_दिवस | रविवार, संध्याकाळी ६.३१

भाऊ आला आहे, आमंत्रण द्यायला. पेढ्यांचा बॉक्स घेऊन. तोच सोडतो म्हणतोय गाडीने. निघते.

इतवारी_काकू | रविवार, संध्याकाळी ६.३२

बॉक्स घरीच ठेवा.